ग्रामसभा फक्त मेंबर लोकांची? कोण सांगतं हे!

"गावचा कारभार समजून घ्या" असा एक मेसेज चार दिवस झाले फिरतोय. सोडून दिला असता, पण तो आमच्या आत्यापर्यंत पोचला. घरकुलाच्या यादीचं विचारायला ती ग्रामसभेला जाणार होती, ती घरीच बसली. "आपल्याला तिथं बसायचा अधिकारच नाही म्हणे." म्हणून लिहितोय.

तर मेसेजचा पहिलाच मुद्दा, ग्रामसभा म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांची मीटिंग, बाकीच्यांना प्रवेश नाही. साफ खोटं! राज्यघटनेचं कलम २४३ उघडा, व्याख्याच दिलीय तिथं, गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची मिळून ग्रामसभा होते. यादीत आत्याचं नाव आहे म्हणजे ती सदस्य आहे, विषय संपला, तिला त्यासाठी निवडणूक लढवावी लागत नाही. निवडून आलेल्यांची असते ती मासिक सभा, ती वेगळी. लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केलीय आणि त्यामुळे होतं काय, तर घरकुलाचे लाभार्थी, विकास आराखडा, खर्चाचा हिशोब जिथं लोकांसमोर यायला हवा तिथूनच लोक लांब राहतात, आणि त्यात बायका सगळ्यात आधी. उलट आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायला सांगितलंय! हे त्या मेसेजमध्ये कुठंय?

दुसरं, "सरपंच तहसीलदाराच्या हाताखाली असतो". नाही हो. तहसीलदार महसूल खात्याचा, सातबारा, फेरफार, तलाठी ही त्याची लाईन. ग्रामपंचायतीच्या वर पंचायत समिती, तिथं गटविकास अधिकारी, त्याच्या वर जिल्हा परिषद. आता एक मान्य करावं लागेल, सरपंचावर अविश्वास ठराव आणायचा तर नोटीस तहसीलदाराकडेच द्यावी लागते आणि ती सभाही तोच घेतो. पण तेवढ्यावरून तो सरपंचाचा साहेब होत नाही.

"३६ जिल्हे म्हणून ३६ जिल्हा परिषदा" हेही चूक. ३४ आहेत, मुंबई शहर आणि उपनगरात नाहीत. आणि लोकसंख्या वाढली की गावाची आपोआप नगरपंचायत होते म्हणे. आपोआप काही होत नाही, राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते.

आत्याला फोन केलाय. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की आधी महिलांच्या सभेत घरकुलाचा विषय काढ, मग ग्रामसभेत उभं राहून यादी सगळ्यांसमोर वाचायला लाव. मी येतोय सोबत.