आमच्याकडे सगळी मुलं सारखीच!

तुमची प्राथमिक शाळा समावेशक करायची आहे? खर्च फार नाही. दारात एक फलक आणि एक रॅम्प. रॅम्पवर शोभेच्या कुंड्या मांडाव्यात. उरलेल्या जागेत मुख्याध्यापकांची अ‍ॅक्टिव्हा बरोब्बर बसते.

प्रवेश मात्र नाकारू नये, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आडवा येतो. पालकांना चहा पाजावा आणि हळूच म्हणावं, "ताई, तुमच्याच मुलाच्या भल्याचं सांगतो, त्याला वेगळी शाळा बरी."

विशेष शिक्षकाचं विचारलं तर "फिरते आहेत" म्हणावं. दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्येच सांगितलंय. ते फिरत फिरत अजून नाशकात पोचलं नसेल. द्वारका चौकात अडकलं असणार.

मदतनीस पालकांनी आणावी, पगारही त्यांनीच द्यावा. परवडत नसेल तर आईनं चपलांच्या रॅकशेजारी बसावं. मी बसते.

आता शिस्त. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या कानावर आवाज थोपवणारे हेडफोन दिसले की आधी काढून घ्यावेत. "शाळेत गॅझेट चालत नाही." त्यात गाणी नसतात, वायर नसते, नुसता फोम असतो, हे आईनं तीनदा सांगितलं तरी ऐकू नये. "मग उद्या सगळेच मागतील!" हो, चष्मासुद्धा सगळेच मागतात ना, एकानं घातला की? आणि काढून घ्यायला दिवस निवडावा तोही स्नेहसंमेलनाच्या तालमीचा. पटांगणात ढोलपथक, आणि ढोल नाशिकचा! काचा थरथरतात तिथं आठ वर्षांच्या पोराचं काय होणार? शुक्रवारी माझा मुलगा पाण्याच्या टाकीमागं सापडला. दोन्ही तळहात कानांवर, चड्डी ओली. बाई म्हणाल्या, "जरा जास्तच लाड झालेत."

लाड? बाई, बी.एड.ला काय शिकलात? डॉक्टरांची चिठ्ठी जूनमध्ये दिली होती, कुणी उघडून पाहिलीत? हजेरीपटावर त्याचं नाव लागतं, 3 डिसेंबरला दिव्यांग दिनाच्या फोटोत त्याला पुढे उभं करता, आणि तपासणीला साहेब येणार म्हटलं की "उद्या घरीच राहू दे." लाज वाटत नाही?

हेडफोन तुमच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, डस्टरांच्या खोक्यामागे. सोमवारी प्रार्थनेच्या घंटेआधी ते त्याच्या कानावर पाहिजेत.