"थकवा मनाचा खेळ आहे" म्हणणाऱ्यांना उत्तर

"थकवा हा फक्त मनाचा खेळ आहे, 4 तासांच्या झोपेची सवय होते, रोज 16 तास एका जागी बसा, 10 हजार तास झाले की कोणीही मास्टर." हा मेसेज सगळीकडे फिरतोय, परीक्षेची पोरं तो वाचून झोप तोडतायत आणि मला त्याचा खरंच राग येतो.

आधी झोपेचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यातच आहे. 2003 साली व्हॅन डाँगेन आणि डिंगेस वगैरे झोपेच्या संशोधकांनी लोकांना 14 दिवस रोज 4 किंवा 6 तासच झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि कामापुरतं डोक्यात धरून ठेवायची क्षमता दिवसेंदिवस घसरतच गेली, पार एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी, पण "झोप येतेय का" विचारलं तर थोडीशीच वाढ सांगायचे. म्हणजे सवय झाली ती फक्त झोप कमी पडतेय हे न कळण्याची! "मला चालतं चार तासात" म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःला ते दिसतच नाही.

मनाचा खेळ? थोडंसं खरं आहे. 1948 च्या मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थच्या प्रयोगात एक एक घर उडी मारत जाणारा घड्याळाचा काटा कधीतरी एकदम दोन घरं उडायचा, ती दुहेरी उडी ओळखायची होती, 2 तास सलग. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या. मधेच फोन करून "जरा नीट करा" सांगितलं की लोक सुधारायचे, पण तात्पुरतेच, आणि अर्धा तास काम अर्धा तास आराम असं केलं तर घसरण जवळपास थांबायची. जिद्द लागतेच हो, पण ती विश्रांतीची जागा घेत नाही.

16 तासांचं बघा. ब्रिटनमधल्या पोस्टमनना टायपिंग शिकवताना बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी (1978) एका गटाला रोज 1 तास दिला, दुसऱ्याला रोज 4 तास. कीबोर्ड यायला पहिल्यांना साधारण 35 तास लागले, दुसऱ्यांना 50. हां, दिवस मोजले तर पहिल्यांचे जास्तच गेले, म्हणून परीक्षा पुढच्या आठवड्यात असेल तर हे गणित बदलतं, पण वर्षभर हातात असताना सगळं कोंबण्यात काय अर्थ आहे? वाईट म्हणजे 1 तासवालेच सगळ्यात नाखूश होते, आपण मागे पडतोय असं वाटायचं त्यांना.

आणि ते 10 हजार तास. 1993 चा मानसशास्त्रज्ञ एरिक्सनचा बर्लिनमधला अभ्यास, व्हायोलिन शिकणाऱ्यांचा. तो आकडा म्हणजे सगळ्यात चांगल्या गटाची वयाच्या 20 व्या वर्षापर्यंतची सरासरी, पार केली की मास्टर अशी रेषा नाही. हीच पोरं एकट्याने रियाज रोज साडेतीन तासांच्या आसपास करायची, दुपारी डुलकी काढायची आणि संगीतशिक्षक होणाऱ्या गटापेक्षा जास्त झोपायची. मेसेजवाल्यांनी त्यातले तास तेवढे उचलले, झोप गाळून टाकली.