‘गावात घरचा सर्व्हर टिकत नाही’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: घरी लिनक्स सर्व्हर (आपले फोटो, कागद साठवणारी, चोवीस तास चालू मशीन) ठेवणं हे पुण्या-मुंबईचं काम. आपल्याकडे लाइनचा भरोसा नाही, मे महिन्यात मशीन जळते, बिल हजाराने वाढतं, मोबाइल कंपनीच्या नेटवर बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोहोचता येत नाही, आणि डिस्क गेली की फोटो, सातबारे, पीकविम्याचे कागद सगळंच गेलं. त्यापेक्षा क्लाउडला पैसे भरा.

तक्रारी ऐकल्या की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणती मशीन होती ते कळतं: कोपऱ्यात पडलेला जुना टॉवर पीसी. तो गावात खरंच टिकत नाही. पण तो ठेवा म्हणालं कोण?

‘बिल हजाराने वाढतं’

टॉवर रिकामा बसूनही 60 ते 80 वॅट ओढतो. चोवीस तास चालवला तर महिन्याला 43 ते 58 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तरी हजार होत नाहीत, पण ओझं आहेच. सेकंड-हँड ऑफिस लॅपटॉप (आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, एसएसडी) स्क्रीन बंद ठेवून 8 ते 15 वॅटवर बसतो, म्हणजे महिन्याला 6 ते 11 युनिट. मात्र घरचा वापर आधीच 95 युनिटच्या आसपास असेल तर 100 चा टप्पा ओलांडला जाईल आणि वरच्या युनिटांना चढा दर लागेल, एवढं लक्षात असू द्या.

‘लाइनचा भरोसा नाही’

खरं आहे, आणि म्हणूनच लॅपटॉप. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. शिवाय बहुतेक लॅपटॉपचा अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टवर चालतो. संध्याकाळी व्होल्टेज 170 वर घसरलं, ट्यूबलाइट फडफडू लागली, तरी त्याला फरक पडत नाही.

घोळ होतो तो इन्व्हर्टरच्या मागच्या एका बटणामुळे. ‘यूपीएस’ मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण 180 व्होल्टच्या खाली लाइन असूनही बॅटरीवर जातो. गावात ते रोज तासन्‌तास होतं. बॅटरी भरत नाही, उलट उतरत राहते, आणि खरी लाइन गेली की अर्ध्या तासात अंधार. यूपीएस मोड टॉवरला लागतो, कारण त्याला लाइन-बॅटरी बदलताना क्षणाचाही खंड चालत नाही. लॅपटॉपला ती गरजच नाही. बटण ‘नॉर्मल’वर ठेवा.

इन्व्हर्टरचा हिशेब: 12 व्होल्ट 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे 1800 वॅट-तास. निम्मीच वापरायची, वर इन्व्हर्टरची तूट 20 टक्के धरली, तर हातात 720. लॅपटॉप, राउटर आणि फायबरचा डबा मिळून 25 ते 30 वॅट, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च 10-15. एकूण 40 वॅटला 18 तास मिळतात. त्याच बॅटरीवर दोन पंखे लावले की चारच तास.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी 12 व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण डब्यावरच्या 10,000 एमएएचला भुलू नका. तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे 37 वॅट-तास. तूट वजा जाता 10-12 वॅटच्या राउटरला अडीच-तीन तास. केबलवाल्याच्या टोकाची बॅटरी त्याआधीच बसली तर नेट जाईलच, मात्र घरच्या वायफायवर सर्व्हर चालू राहतो.

जास्त व्होल्टेजचं प्रकरण वेगळं. डीपीवर न्यूट्रल तुटला की 230 च्या जागी 400 च्या आसपास येऊ शकतात, आणि मग अडॅप्टर, टीव्ही, फ्रिज काहीच वाचत नाही. साधा स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही. वर-खाली व्होल्टेज गेलं की लाइन तोडणारा प्रोटेक्टर मीटरनंतर बसवून घ्या. शेतातल्या पंपाच्या फिडरवर, विहिरीवरच्या खोलीत, सर्व्हर ठेवूच नका. मृगाच्या आधीच्या विजांसाठी: दोन घरांमध्ये उघड्यावरून लॅन केबल ओढू नये, तांब्याची तार विजेचा झटका थेट मशीनपर्यंत आणते. फायबरची काच वीज वाहत नाही, पण तिच्याबरोबर आधाराला स्टीलची तार असते. ती घराबाहेरच कापून बांधायला सांगा.

लॅपटॉपचं झाकण बंद केलं की तो झोपतो. ते टाळायला लिनक्सचा कारभार चालवणाऱ्या सिस्टमडीच्या लॉगइनडी फाइलमध्ये ‘हँडल लिड स्विच’समोर ‘इग्नोर’ लिहा. बॅटरी पूर्ण संपून मशीन बंद पडली तर लाइन आल्यावर ती आपोआप उठत नाही. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वेक ऑन एसी’ किंवा ‘पॉवर ऑन विथ एसी अटॅच’ असा पर्याय असतो. विकत घेण्याआधी तो आहे का हे बघा. आणि जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा छोटा सेल गेलेला असला तर बंद पडून उठल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, मग वेबसाइटची सुरक्षा-सर्टिफिकेट चुकीची दाखवली जातात, ॲप जोडत नाहीत, आणि माणूस नेटला शिव्या देत बसतो. बहुतेकदा सीआर 2032 सेल लागतो, काही लॅपटॉपांत वायर लावलेला.

‘मे महिन्यात मशीन जळते’

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी 45 अंशांच्या वर जातात, हे कुणी नाकारत नाही. पण जळण्याआधी इंटेलचा प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतो. खरी मर्यादा डिस्कची आहे: साध्या हार्ड डिस्कला 60 अंश, एसएसडीला 70. खोली 42 ची असेल तर निवांत डिस्क 50 च्या आसपास राहते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ कमांडमध्ये 194 क्रमांकाची ओळ तापमान सांगते. ती 55 दाखवू लागली की जागा बदला.

जागेने निम्मं काम होतं. टिनाखाली आणि माळ्यावर नको. मातीच्या जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली, जमिनीपासून हातभर उंच, खाली हवा खेळेल असं जाळीचं स्टँड. कूलरसमोर तर मुळीच नको. झोतातून बारीक तुषार येतात, आणि खारपाणपट्ट्यात कूलरच्या पाण्यातलं मीठ सर्किटवर बसून ते गंजवतं. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असतो, त्या खोलीतही ठेवू नका: तंतू पंख्याच्या पात्यांआड गादीसारखे बसतात, आणि आगीचा धोका वेगळाच. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा मागचं झाकण उघडून ब्रशने साफ करा, पंखा बोटाने धरून. मशीन चारपाच वर्षं जुनी असेल तर तेव्हाच थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला.

दोन सेटिंग खास उन्हाळ्यासाठीच आहेत. ‘टीएलपी’ हा वीज वाचवणारा प्रोग्राम बसवून टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद करा. फोटो-फाइलींच्या कामात फरक जाणवत नाही, तापमान मात्र बरंच उतरतं. त्याच टीएलपीमध्ये बॅटरी 60 ते 80 टक्क्यांदरम्यान थांबवा. सगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप हे मानत नाहीत, मग बायोसमध्ये शोधा. कायम 100 टक्के भरलेली बॅटरी उन्हाळ्यात फुगते. टचपॅड वर उचललेला दिसला की ती फुगली समजा. मशीन बंद करून बॅटरी काढा; टोचू नका, दाबू नका.

‘बाहेरून पोहोचता येत नाही’

राउटरमध्ये शिरून ‘वॅन’चा, म्हणजे बाहेरच्या नेटकडचा, पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांमध्ये असेल तर तुम्ही एकाच पत्त्यामागे शेकडो घरं ठेवणाऱ्या व्यवस्थेत आहात, आणि राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून काही होणार नाही. इथे मेसेजवाल्याची माहिती बरोबर, निष्कर्ष चूक. रस्ता बाहेरून आत न आणता आतून बाहेर काढायचा. दोन मशीनमध्ये खाजगी रस्ता बांधणारं वायरगार्ड 2020 पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, पण दोन्ही टोकं अशा व्यवस्थेत असली तर मध्ये एक भाड्याचा छोटा सर्व्हर लागतो. तो नको असेल तर टेलस्केल ही तयार सेवा. फोन आणि सर्व्हर एकमेकांना शोधून घेतात, सरळ जोडणी जमली नाही तर त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून जातात. तसं झालं की मोठे व्हिडिओ रखडतात. वायरगार्डमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ 25 सेकंद ठेवा, नाहीतर जोडणी निजते.

ज्यांना आयपीव्ही-सिक्स (प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत) मिळतं त्यांनी सावध राहावं, कारण राउटरने अडवलं नाही तर मशीन थेट जगासमोर उभी राहते. एसएसएचला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीला) पासवर्ड बंद, फक्त चावीची फाइल. आणि सर्व्हरवर ॲप चालवणाऱ्या डॉकरची एक खोड: त्याने उघडलेले पोर्ट ‘यूएफडब्ल्यू’ या फायरवॉलला विचारत नाहीत, फायरवॉल ‘बंद’ म्हणते आणि दार उघडं असतं. डॉकरच्या सेटिंगमध्ये पोर्टाच्या आधी 127.0.0.1 लिहा, म्हणजे ते त्या मशीनपुरतंच उघडतं.

मेसेजने एक गोष्ट मात्र सोडली, जी खरंच घरून करू नये: ईमेल सर्व्हर. घरच्या पत्त्यावरून गेलेली मेल स्पॅममध्ये पडते, नाहीतर परत येते. त्यासाठी पैसे भरणंच बरं.

‘डिस्क गेली की सगळं गेलं’

एकच प्रत ठेवली तर क्लाउडवरही जाईल. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 ला संपली, आता सगळं मिळून 15 जीबी. म्हणून ‘क्लाउड की घर’ हा वाद फोल आहे: एक प्रत सर्व्हरवर, एक यूएसबी डिस्कवर, एक दुसऱ्या गावी. तिसरी क्लाउडवर ठेवली तरी हरकत नाही, पण 200 जीबी 5 एमबीपीएस अपलोडने पाठवायला 89 तास लागतात. पहिली प्रत डिस्कवर भरून बहिणीच्या गावी जाताना न्या, नंतरचे बदल नेटने.

डिस्क बहुधा मरण्याआधी कण्हते. त्याच स्मार्टसीटीएलच्या 5, 197, 198 या ओळींत शून्याच्या जागी आकडा येऊन वाढत गेला तर डिस्क बदला. 199 वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलचा दोष; डिस्क फेकू नका.

यूएसबी डिस्क ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख-क्रमांकाने, लिहा आणि ‘नोफेल’ जोडा, नाहीतर डिस्क नसताना मशीन अर्ध्यावरच अडते. ‘नोफेल’चा उलटा फटकाही आहे: डिस्क लागली नसेल तर बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे आतल्या एसएसडीवर, भरत राहतो. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘माउंटपॉइंट’ कमांडने डिस्क लागली आहे का ते तपासा, डिस्क नसेल तर तिथेच थांबवा.

बॅकअपला रेस्टिक हा प्रोग्राम वापरा. सर्व्हरवरच्या फोटो ॲपच्या डेटाबेसचा आधी डंप (एका फाइलमध्ये पूर्ण नक्कल) काढा. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलल्या तर परत उभ्या राहतीलच असं नाही. दर तीन महिन्यांनी एक फोटो, एक पीडीएफ आणि तो डंप दुसऱ्या मशीनवर परत काढून बघा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कोणालाच उघडता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा, आणि घरात आणखी एकाला ती फाइल कुठे आहे ते सांगा.