झालं म्हणे अपडेट!

"एक स्क्रिप्ट लिहा की साहेब, एका झटक्यात सगळीकडे होऊन जाईल." असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक शनिवार माझ्या खुर्चीत आणून बसवायचंय. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने दिलेल्या हुकमांची फाइल, आणि मी पतसंस्थेचे संगणक सांभाळणारा माणूस. पतसंस्थेच्या शाखा गावोगाव पसरलेल्या, शंभरावर मशीन, निम्म्या ठिकाणी इंटरनेट रामभरोसे, आणि सॉफ्टवेअर कंपनीची झिप येणार नेमकी शुक्रवारी संध्याकाळी. आत एक सेटअप आणि मेलमध्ये एक ओळ: सर्व संगणकांवर टाकून घ्यावे. घ्यावे म्हणे! जसं काही प्रत्येक संगणकामागे आम्ही एकेक माणूस उभाच करून ठेवलाय.

हे सेटअप 'सायलेंट' चालतं, म्हणजे मध्ये काही न विचारता, असं त्यांचा सपोर्टवाला छातीठोकपणे सांगतो. हुकमाच्या शेवटी स्लॅश एस द्या, बास. दिलं. फायली गुपचूप पडतात आणि शेवटी एक खिडकी उघडते: इन्स्टॉलेशन पूर्ण झाले, ओके दाबा. अरे, दाबणार कोण? स्क्रिप्ट चालतेय विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम अकाउंटवर, पडद्यामागच्या सेशन शून्यात. विंडोज व्हिस्टापासून हे सेशन समोर बसलेल्या माणसाच्या स्क्रीनपासून तोडलेलं आहे. म्हणजे ती खिडकी कुणालाच दिसत नाही, आणि सेटअप मात्र त्या ओकेची वाट बघत रात्रभर ताटकळतं. आतला एमएसआय, म्हणजे विंडोजचं इन्स्टॉलेशन पॅकेज, सुटलेला नसतो, म्हणून मागून येणारं दुसरं अपडेट १६१८ हा एरर कोड फेकून मोकळं होतं: दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. सकाळी लॉग उघडला की अर्ध्या शाखांची नावं लाल. आणि हे सगळं एका ओकेच्या खिडकीपायी!

त्यातून काम संपल्यावर प्रोग्रॅम परत पाठवतो ते हे आकडे. ० म्हणजे झालं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण ३०१० म्हणजेही झालंच, फक्त मशीन रीस्टार्ट करा. १६०३ म्हणजे काहीतरी भयंकर बिघडलं, काय ते विचारू नका. फायली कॉपी करणाऱ्या विंडोजच्या रोबोकॉपीचा तर वेगळाच कारभार: १ आलं म्हणजे फायली व्यवस्थित कॉपी झाल्या, ८च्या खाली सगळं ठीक. साध्या स्क्रिप्टला हे माहीत नसतं, ती यशालाच नापास करते. आणि एखादी फाइल कुणी उघडी ठेवली असेल तर रोबोकॉपी मुळातच दहा लाख वेळा प्रयत्न करायला तयार, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशोब करा. एका फाइलसाठी जवळपास साडेअकरा महिने! हे डिफॉल्ट कुणाला सुचलं, त्याला एकदा भेटायचंय.

फाइल उघडी राहतेच. कॅशियर मॅडम सॉफ्टवेअर बंद न करता घरी जातात, त्यांना काय दोष द्यायचा? दिवसभराच्या रांगेनंतर मीही तेच केलं असतं. म्हणून सर्व्हरवरून थेट चालवणं सोडून लाँचर स्क्रिप्ट लिहिली: आयकॉनवर क्लिक झालं की सर्व्हरवरची आवृत्ती बघ, नवी असेल तर लोकल डिस्कवर उतरव, मग प्रोग्रॅम चालू कर. झकास योजना. पण कंपनीची ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची मुख्य फाइल, दर वेळी स्वतःला १.०.०.० म्हणवते. नवं बटण आलं, १.०.०.०. व्याजाचा फॉर्म्युला बदलला, तरी १.०.०.०. लेकहो, एक आकडा वाढवायला काय जातं तुमचं? शेवटी प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या आतल्या मजकुराचा ठसा, काढून ताडून बघतोय. जुन्या मशीनवर त्याला वेळ लागतो आणि फोन येतो, "तुमच्या स्क्रिप्टमुळे सॉफ्टवेअर स्लो झालं."

विंडोजही कमी नाही. स्टार्टअप स्क्रिप्ट लावा, रोज सकाळी मशीन चालू होताना चालेल. होय ना? तर विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाचं प्रकरण आहे. शटडाऊन केलं तरी कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, खरा बंद होतच नाही, डिस्कवर झोपवून ठेवतात, आणि सकाळी तोच उठवतात. स्टार्टअप स्क्रिप्टला वाटतं, मशीन बंद झालंच कुठे. शाखेत विचारलं तर, "रोज बंद करतो हो सर, आईशप्पथ." खरंच करतात बिचारे. टास्क मॅनेजर उघडून अपटाइम बघितला की तिथे आठवड्यांचा हिशोब! काही महाभाग नुसता मॉनिटर बंद करतात, ती गोष्ट वेगळी.

एकदा वाटलं, लोकांना आधी मराठीत सूचना दाखवू: अपडेट चालू आहे, कृपया संगणक बंद करू नका. स्क्रिप्ट चालवणाऱ्या पॉवरशेल ५.१ने ती सूचनेची फाइल, सुरुवातीला युनिकोडची खूण (बीओएम) नाही म्हणून, सिस्टिमच्या जुन्या अक्षरतक्त्याने (कोडपेजने) वाचली आणि स्क्रीनभर चित्रविचित्र चिन्हांचा राडा. दोन शाखांनी व्हायरस आला म्हणून वायरच उपटली. अपडेट अर्धवट. धन्य ते २१वं शतक, सगळ्या लिपी सामावणारं युनिकोड १९९१पासून आहे!

वरच्यांना सांगितलं, मायक्रोसॉफ्टचं इंट्यून वगैरे, दुरून सगळी मशीन सांभाळायचं रीतसर साधन घ्या. लायसन्सचा आकडा ऐकून मीटिंगमध्ये सगळ्यांना एकदम चहा आठवला. "स्क्रिप्ट आहे ना तुमची?" आहे. तिच्यातला अर्धा भाग जुन्या माणसाने व्हीबीस्क्रिप्ट या जुन्या भाषेत लिहिलाय, जिला मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३मध्येच निवृत्तीची नोटीस दिली. तो भाग कधी मान टाकेल सांगता येत नाही, आणि टाकली की "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मलाच.

कंपनीला मी लेखी कळवलंय: धड एमएसआय द्या, आवृत्तीचा आकडा बदला, खिडकी काढा, अपयश आलं तर ० परत पाठवू नका. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. खाली दुसरी ओळ: पुढील महत्त्वाचे अपडेट ३१ मार्चला दुपारी पाठवत आहोत. मार्चएंडला, भर दुपारी, प्रत्येक शाखेत ताळेबंद जुळवत बसलेल्या माणसांच्या मशीनवर!