कुल्लूची शाल आणि तिच्यामागचा हिवाळा

नाताळची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईहून मनालीला जाणाऱ्यांची रीघ लागते. बर्फात फोटो, सोलंगला घसरगुंडी, अटल बोगद्यातून लाहौलची एक चक्कर आणि परतताना नातेवाइकांना वाटायला घाऊक भावात घेतलेल्या शाली, असा तो ठरलेला कार्यक्रम असतो. माझी धाकटी नणंद लग्न होऊन मनालीच्याच कुल्लू खोऱ्यात, नग्गरजवळच्या एका गावात गेली, म्हणून तोच हिवाळा आम्हाला हॉटेलाच्या खिडकीऐवजी घराच्या आतून बघायला मिळाला. या जानेवारीत आम्ही सगळे, सासूबाईंसकट, तिच्याकडे राहून आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे: आपण तिथल्या बर्फाचे आणि तिथल्या शालीचे मोल फार कमी लावतो.

आधी बर्फाविषयी. आपल्याला तो मौजेचा वाटतो, तर खोऱ्यातले लोक त्याची आपल्याकडच्या मृगाच्या पावसासारखी वाट बघतात. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांच्या खालची थंडी साधारण हजार तास तरी मिळावी लागते, नाहीतर वसंतात फुलोरा नीट येत नाही. शिवाय हळूहळू वितळणारा बर्फ जमिनीत मुरतो, त्यावर झरे आणि कुहली, म्हणजे पाण्याचे पाट, चालतात. 2024 चा जानेवारी हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला, त्याची आठवण नणंदेच्या घरात अजून काढली जाते. त्यामुळे सकाळी उठून अंगण पांढरे दिसले तेव्हा आमच्या मुलांइतकाच आनंद तिच्या सासऱ्यांना झाला, फक्त त्यांनी तो फावड्याने छपरावरचा बर्फ खाली ओढत व्यक्त केला.

या दिवसांत शेत झोपलेले असते. मनालीजवळच्या गोशाळ आणि आसपासच्या गावांत तर संक्रांतीला देव स्वर्गात जातात अशी श्रद्धा आहे, आणि ते परत येईपर्यंत साधारण सहा आठवडे तिथे शेतीचे काम होत नाही, मोठा आवाजही केला जात नाही. आमची संक्रांत नणंदेकडेच झाली. तिथे त्या दिवशी तूप ओतलेली खिचडी असते, आम्ही बरोबर नेलेला तिळगूळ तिच्या शेजारी वाढला गेला. शेत थांबते तेव्हा घर थांबत नाही, हे मात्र आपल्याला रस्त्यावरून दिसत नाही. ज्या खोलीत तंदूर, म्हणजे लोखंडी शेगडी, पेटवलेला असतो तिथेच सगळे बसतात, आणि तिथेच खड्डी, म्हणजे माग, उभी असते.

नणंदेच्या सासूबाई या मागावर विणतात. शालीचा मधला भाग एकरंगी असतो, तिथे धोटा सरसर फिरतो आणि कापड बघता बघता वाढते. पण काठाची नक्षी आली की धोट्याचे काम संपते आणि बोटांचे सुरू होते. उभे धागे मोजायचे, त्यांतून लाल, पिवळ्या, हिरव्या लोकरीची छोटी गुंडाळी ठरलेल्या जागेपुरती ओवायची, मग शेजारची दुसऱ्या रंगाची, मग तिसरी, आणि अशी एक आडवी ओळ पूर्ण झाली की फणी ठोकायची. समोर कागद नाही, आराखडा नाही. मी बाजूला बसून बघत होते तेव्हा एक धागा चुकल्याचे त्यांना चार ओळी पुढे गेल्यावर जाणवले. त्यांनी काही न बोलता चारही ओळी उसवल्या. तेवढ्या वेळात माझा चहा संपून परत भरला गेला होता आणि काठ बोटभरसुद्धा पुढे सरकला नव्हता. दाट नक्षीच्या शालीला कित्येक आठवडे का लागतात, हे त्यानंतर मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

ही नक्षीसुद्धा मुळात कुल्लूची नाही. कुल्लूचे जुने कापड म्हणजे जाड, साधे किंवा चौकटीचे पट्टू, जे बायका अंगाभोवती लपेटून खांद्यांवर चांदीच्या टाचण्यांनी अडकवतात. भौमितिक आकृत्या हिमाचलातल्याच बुशहर-किन्नौरकडून आलेल्या विणकरांनी आणल्या, आणि विसाव्या शतकात पर्यटक वाढले तशी त्या काठाची शाल खोऱ्याची ओळख झाली. 1944 साली कुल्लूतल्या भुट्टी गावच्या विणकरांनी सहकारी संस्था काढली, तीच आजची भुट्टिको. सहकाराच्या जोरावर साखर कारखाने उभे केलेल्या महाराष्ट्राला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

माझ्या सासूबाई मूळच्या माण तालुक्यातल्या, घोंगडीच्या मुलखातल्या. त्यांना हिंदी जेमतेम येते आणि त्यांच्या विहीणबाई घरात कुल्लवी बोलतात, पण सासूबाईंनी जुन्या पट्टूवर हात फिरवला, मधली शिवण चाचपली आणि लगेच ओळखले की अरुंद मागावरच्या दोन पट्ट्या जोडल्या आहेत. मग चिंचोक्याची खळ घोंगडीला कशी देतात, हे त्यांनी हातवारे करून सांगितले. विहीणबाईंनी चिंचोका कधी पाहिलाच नव्हता. दोघींचा तो संपूर्ण दुपारभर चाललेला संवाद हा माझ्यासाठी या सुट्टीतला सर्वांत मोलाचा भाग होता.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. मनालीच्या बाजारात ‘कुल्लू शाल’ म्हणून अगदी थोड्या पैशांत जे मिळते, त्यातले पुष्कळसे यंत्रमागावरचे, ॲक्रिलिकचे आणि बाहेरून आलेले असते. कुल्लू आणि किन्नौरी या दोन्ही शालींना भौगोलिक मानांकन आहे; 1985 च्या कायद्याने ठरावीक प्रकारच्या शाली हातमागासाठी राखून ठेवल्या आहेत; तरीही नक्कल उघडपणे विकली जाते, कारण घेणारे आपण आहोत. यंत्रमागाशी माझे वैर नाही. इचलकरंजी आणि मालेगावात त्यावर हजारो घरे चालतात. यंत्राचे कापड यंत्राचे म्हणून विकले गेले तर त्यात गैर काहीच नाही. हातमागाचे नाव लावून ते विकणे ही मात्र ज्या बाईने चार ओळी उसवल्या तिची फसवणूक आहे, आणि ‘एवढ्या शाली घेतोय, कमी करा’ असा हट्ट धरून आपण त्या फसवणुकीला हातभार लावतो.

ओळखणे अवघड नाही. काठ उलटा करून बघावा. यंत्राच्या नक्षीमागे लांबच लांब सुटे धागे असतात किंवा ते कापल्याच्या खुणा दिसतात. हाताच्या विणीत रंगीत धागा नक्षीपुरताच असतो. झालरीतला एक धागा मागून घेऊन जाळावा: लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. 2006 पासून चालू असलेली हातमागाची सरकारी खूणचिठ्ठी, म्हणजे हँडलूम मार्क, आणि मानांकनाची चिठ्ठी दुकानदाराला स्पष्टपणे मागावी. वाटण्यासाठी दहा घेण्याऐवजी एकच घ्यावी आणि तिचे पूर्ण पैसे द्यावेत. जायला वेळ असेल तर भुंतरजवळ शमशीला भुट्टिकोच्या भुट्टी कॉलनीत माग चालू असताना बघता येतात. विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे परतीच्या दिवशीही हे सहज जमते.