मातृसुख कसे भोगावे

लहान मुलांची आई झालात ना? मग आता एकच करायचं, आनंद घ्यायचा. बाकीची कामं कोणी कमी केलेली नाहीत, त्यांच्यावर हे एक जास्तीचं. ‘हे दिवस परत येत नाहीत गं, एकेक क्षण जगून घे,’ असं रोज कोणीतरी तुम्हाला सांगेल. सांगणाऱ्याची मुलं साधारण तिशीत असतात आणि सांगणारा आदल्या रात्री सलग आठ तास झोपलेला असतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. ती ताकद संध्याकाळी दोन मुलांचे दात घासताना लागणार आहे.

तेव्हा आनंद घ्यायचा कसा, ते माझ्याकडून ऐका. थोरला पाचाचा, धाकटी दोनाची. आनंदाने मी अगदी माखलेली आहे. खात्री करायची असेल तर माझा डावा खांदा बघा.

सुरुवात झोपेपासून. तान्हं बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, हे तुम्ही बाळंतपणाआधी वाचून ठेवलेलं असेल आणि त्या वेळात काय काय करायचं याची यादीही केली असेल. आकडा खोटा नाही. फक्त ते तास सुट्या पैशांत मिळतात, दोन इथे, अडीच तिथे, पाऊण पहाटे. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हा सल्ला तर प्रत्येकाच्या जिभेवर तयारच असतो. त्याच धर्तीवर बाळ रडलं की आपणही रडायचं, हे मी करून पाहिलं. झोपेपेक्षा ते फार सोपं जमतं.

मग बाळ वर्षाच्या आसपास येतं आणि चमचा खाली टाकू लागतं. तुम्ही उचलता, ते टाकतं. तुम्ही उचलता, ते तुमच्याकडे एकदा बघून घेतं आणि टाकतं. चिडू नका, हे शास्त्र आहे. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांवर नजर ठेवून दाखवून दिलं, की लेकरू हात कधी इकडून तर कधी तिकडून लांब करून वस्तू सोडतं आणि ती कुठे, कशी पडते ते पाहतं. खोडी नव्हे, प्रयोग. निरीक्षणं टिपणारा आणि चमचा उचलणारा ही दोन वेगळी माणसं असावीत, असा आपला माझा अंदाज.

जेवणाचा आनंद याच्या पुढचा. नवी चव मुलाला आवडायची तर ती ८ ते १५ वेळा त्याच्यापुढे ठेवावी लागते, तीही न रागावता, न दामटता, चेहरा प्रसन्न ठेवून. जाणकारांचं हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तेवढ्या वेळा नाकारलेलं कोणी खायचं, त्याची सोय निसर्गाने आधीच करून ठेवलेली आहे. मुलं झाल्यापासून मी ताट वाढून घेतलं तर सवयीने त्यातलं अर्धं आधी चिवडून घेते. तसंच्या तसं अन्न मला परकं वाटतं.

आणि आता मुख्य अवयवाकडे वळू. आईचं हृदय, आईचा पदर यांवर पुष्कळ लिहून झालंय. तळहाताकडे कोणाचं लक्षच नाही! खरा राबतो तो. घास अर्धा चावून झाला, आवडला नाही, की मूल इकडेतिकडे बघत नाही, सरळ तुमच्याकडे येतं. तुम्ही कोणाशी तरी महत्त्वाचं बोलत असता. बोलणं न थांबवता हात पुढे जातो, ओंजळीचा आकार घेतो आणि त्यात काहीतरी कोमट, ओलं, जरासं जड येऊन पडतं. तुम्ही वाक्य पूर्ण करता. समोरच्याला कळतसुद्धा नाही.

या हाताचे काही नियम आहेत. एक म्हणजे हात मागे घ्यायचा नाही; घेतलात तर तोच ऐवज गालिच्यावरून खरवडावा लागतो. आणि दुसरा, जो शिकायला मला थोरल्याची पूर्ण दोन वर्षं लागली, तो म्हणजे मूठ मिटली की उघडून बघायचं नाही. एकदा मी बघितलं. घास असेल म्हणून बघितलं. त्याला पाय होते, आणि त्यातले काही अजून हलत होते. ‘तुज्याशाठी,’ असं म्हणून तो तृप्त मनाने निघून गेला होता. अशा भेटीला नाही कसं म्हणायचं?

आजारपणाचा हिशेबही एकदा मांडून ठेवा, म्हणजे कमी मिळालं अशी तक्रार राहणार नाही. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं अगदी सर्वसाधारण समजलं जातं. एकेक सर्दी आठवडाभर धरली तरी वर्षातला दीड-दोन महिने तुमचा नाक पुसण्यात जातो. दोन मुलं असतील तर ती एकाच वेळी आजारी पडून तुमचे दिवस वाचवतील, या भ्रमात राहू नका. ती पाळ्या लावून घेतात. दोघंही बरी झाली, की तुमची पाळी. तिची मात्र रजा मिळत नाही.

मोबाइल-टीव्हीच्या पडद्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून जास्त नको. तो तास अंघोळीसाठी राखून ठेवा. तुमच्या.

मुलांचे बाबा तासभर मुलं सांभाळतात तेव्हा त्यांचं तोंडभरून कौतुक करा. येणारा-जाणारा करतोच आहे, तुम्ही कशाला मागे राहता?

मात्र ज्यांना आनंदाचा कळस गाठायचा असेल त्यांनी घराबाहेर पडावं. वेळेवर. काल आम्हाला दहाला निघायचं होतं, म्हणून मी नऊला दारात उभी होते. थोरला तयार. धाकटी बूट घेऊन खाली बसली आणि म्हणाली, ‘मी घालनाल.’ मी म्हटलं, घाल बाळा. तिने डावा बूट घेतला, उजव्या पायाला लावला, पाय आत जाईना तेव्हा बुटाला रागावली. मी फक्त, अगदी फक्त, टाचेला बोट लावलं. झालं! दोन्ही बूट काढून, मोजेही काढून, पुन्हा पहिल्यापासून. कारण आता ते ‘तिने’ घातलेले राहिले नव्हते. मुलांना स्वावलंबी करा, असं तज्ज्ञ सांगतात. मुलं होतात हो, त्यात अडचण काहीच नाही. पावणेदहाला दोन्ही बूट उलट्या पायांत गेले आणि ती राणीसारखी उभी राहिली. तेवढ्यात थोरल्याने विचारलं, ‘आई, बुटांना कसं कळतं ते डावे आहेत?’

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगू नका, पुढचा प्रश्न येईल.

राहता राहिला एकांत. तो मिळतो. न्हाणीघराला आतून कडी असते, एवढं म्हणून थांबते. कडी लावल्यावर दाराच्या फटीतून चार बोटं आत येतात आणि हलत राहतात, त्याकडे पाठ करून बसायला शिका. मला एकदा चार मिनिटं मिळाली होती. त्या चार मिनिटांत भिंतीवर जे चित्र निघालं, ते अजूनही आहे. पुसताना रंग आणखी पसरला आणि आता ते आधीपेक्षा मोठं दिसतं.

आणखीही पुष्कळ सांगायचं होतं. दुधाचे वीसही दात कसे एकेक करून रात्रीच यायचं ठरवतात, हरवलेला मोजा नेहमी एकच का असतो, आणि ‘झोपले का गं?’ असं विचारायला लोक नेमके मूल झोपल्यावरच फोन का करतात. पण धाकटी आत्ताच शेजारी येऊन उभी राहिलीय. गाल फुगलेला आहे. माझा डावा हात आपोआप खाली गेला, त्यात काहीतरी आलं, आणि ती पळाली.

कोमट नाहीये. गार आहे. मी मूठ मिटली आहे आणि हे शेवटचं वाक्य एका हाताने टाइप करते