आधीच जाड, त्यात अजून बोल्ड!

हल्ली ‘रेट्रो लुक पाहिजे’ म्हटलं की समोर ‘कूपर ब्लॅक’ हा फॉन्ट हजर. कॅफे असो, लोणची असोत, नाहीतर लग्नपत्रिका. माझं भांडण त्या टाइपाशी नाहीच. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरचा हा गुबगुबीत सेरिफ (म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोटी पावलं असलेला टाइप) १९२०च्या दशकात आला तोच जाहिराती गाजवायला. ईझीजेटच्या विमानांवर बघा, काय झकास दिसतो! एकच शब्द, मोठ्ठा, भोवती मोकळी जागा.

पण मेनूकार्डाचा अख्खा मजकूर त्यातच का? दहा पॉइंटाच्या बारीक आकारात इंग्रजी ‘a’ आणि ‘e’ची पोकळ पोटं बुजतात, छपाईत शाई जराशी पसरली की संपलंच. त्यावर ग्राहकाचा उपाय काय, तर ‘अजून बोल्ड करा’. अहो, किती जाड करायचं माणसाने!

मराठीचं तर विचारूच नका. वर हा धष्टपुष्ट इंग्रजी गडी आणि खाली मशीनमध्ये आधीपासून पडलेला किडकिडीत देवनागरी फॉन्ट. (पाटीवर आकार मात्र कायद्यापुरता मोठा.) वजन जुळवा म्हटलं तर सॉफ्टवेअरचं खोटं बोल्ड मारतात, शिरोरेखा सुजते, ‘भ’ आणि ‘ध’च्या गाठी भरून काळे ठिपके होतात.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘बलू’ हा देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो की! सेरिफ नाही, मान्य, पण अंगापिंडाने तरी जुळतो. तो लावून दाखवला की उत्तर ठरलेलं, ‘हा व्हिंटेज वाटत नाही हो.’

आणि ती मरतुकडी मराठी व्हिंटेज वाटते होय?